खानसाम्याच्या घरी काय शिजतं

भिंगारमध्ये नबीलालला ओळखत नाही असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. चौतीस वर्षं त्याने लष्कराच्या एका ऑफिसर्स मेसमध्ये स्वयंपाक केला. भांडी घासायला लागला आणि मुख्य खानसामा म्हणून निवृत्त झाला. ऐंशी माणसांची पार्टी असो नाहीतर एखाद्या साहेबाच्या आईचं पथ्यपाणी असो, याच्या हातचं ताट कधी परत आलं नाही. घरात ही माणसं दखनी बोलतात, पण ते दखनीत सांगत बसलं तर निम्म्यांना कळायचं आणि निम्म्यांना नाही, म्हणून इथे सगळं मराठीतच सांगितलेलं बरं.

स्वयंपाकापेक्षाही त्याला एका गोष्टीचा जास्त ताठा होता. मेसचा नियम होता की आतलं शिजलेलं अन्न बाहेर जायचं नाही. आता असले नियम सगळीकडेच असतात आणि ते कसे पाळले जातात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी पिशवीत चार पुऱ्या टाकतो, कुणी दुधाची पिशवी खिशात घालतो. नबीलालने चौतीस वर्षांत मिठाची चिमूट बाहेर नेली नाही. घरी येताना दोन्ही हात हलवत यायचा आणि गल्लीने ते पाहावं असं त्याला मनापासून वाटायचं. बरं, माणूस प्रामाणिक असला की त्याच्या घरच्यांना काय वाटतं हे कुणी विचारत नाही, तसं इथेही कुणी विचारलं नाही.

आता यातली खरी गंमत ऐका. हा माणूस दुपारी तीनला ड्युटीवर जायचा आणि मेस आवरून रात्री उशिरा घरी यायचा, तोवर बायकापोरं झोपलेली. जेवण तिकडेच, मेसच्या नोकरांच्या पंगतीत. म्हणजे लग्न झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत घरचं रात्रीचं जेवण त्याने फक्त सुट्टीच्या दिवशी खाल्लं. सुट्टी मंगळवारची. मंगळवारी मुबारकबी मटण आणायची, भात टाकायची, काहीतरी गोडाचं करायची. नवरा आठवड्यातून एकदा घरात जेवतो म्हटल्यावर कुठली बाई तेवढं करणार नाही? आणि हे शहाणे समजायचे की आपल्या घरात रोजच असं शिजतं.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. हारतुरे झाले, फोटो झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हातपाय धुऊन ऐटीत जेवायला बसला. मुबारकबीने ताट ठेवलं. बाजरीची भाकरी, वाटीत तुरीचं आंबट वरण, कडेला लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. नबीलाल ताटाकडे बघत बसून राहिला. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, बाकीचं येऊ दे, मग सुरू करतो. मुबारकबीला कळेचना. बाकीचं म्हणजे काय?

तो चाटच पडला. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी आणि पापड. तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथी. मग डाळवांगं, मग पिठलं, मग परत खिचडी. त्याला आधी वाटलं, बायको रागावलीय. मग वाटलं, पेन्शनवर आल्यापासून हात आखडता घेतेय. शेवटी न राहवून त्याने शेजारच्या आसारामला गाठलं. हा आसाराम त्याच मेसच्या बागेत माळी होता. पूर्वी दोघांची क्वार्टरं एका ओळीत होती, नंतर घरंही दोघांनी भिंतीला भिंत लावून घेतली. तुमच्याकडे काल काय होतं? पिठलं. परवा? खिचडी. मग तो पोस्टातल्या माणसाला विचारून आला, दळणवाल्याला विचारून आला, मशिदीच्या पायरीवर चपला घालता घालता चौघांना विचारून आला. कुणाकडे मसूर आणि भाकरी, कुणाकडे दुपारचंच कालवण गरम करून, कुणाकडे पोरं मॅगी खाऊन झोपलेली. अख्ख्या भिंगारात रात्री हेच शिजतं हे या गृहस्थाला साठाव्या वर्षी समजलं. गल्ली पोट धरून हसली. आसारामची बायको छबूबाई तर म्हणाली, आवं नबीभाई, तुमी इतके दिस हुता तरी कुठं?

तेव्हापासून त्याच्या मनात एकच होतं. मुबारकबीला एकदा आपल्या हातचं रीतसर जेवू घालायचं. पण तिने त्याला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. तुमची चौतीस वर्षं झाली, आता बसा निवांत, एवढंच म्हणायची. दोन वर्षं त्याने पेपर वाचून काढली.

आणि यंदाच्या थंडीत ती न्हाणीत पाय घसरून पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. वाईट झालं यात शंका नाही, पण खरं सांगायचं तर नबीलालच्या डोळ्यांत त्या दिवशी वेगळंच तेज होतं. छबूबाईने आल्या आल्या सांगितलं की सहा आठवडे भाकरी-कालवण मी पाठवीन, तुमी काळजी करू नगा. नबीलालने तिला हात जोडले. घरात खानसामा असताना शेजारून भाकरी? लोक शेण घालतील तोंडात.

पहिल्या दिवशी त्याने चिकन कोरमा केला, जिरा राइस केला, मटार-पनीर केलं आणि वर शाही टुकडा. माणसं दोन, स्वयंपाक पंधरा जणांचा. त्याचा हात त्याहून खाली उतरायलाच तयार नव्हता, मिठाचा अंदाजसुद्धा पातेल्यावर होता, वाटीवर नव्हता. गल्लीत वाटप झालं. गल्लीने बोटं चाटली. मुबारकबीने दोन घास भात दह्याशी कालवून खाल्ला आणि ताट सरकवलं. पोट भरलं म्हणाली.

दुखण्यामुळे असेल, असं त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मसाला कमी केला. तिसऱ्या दिवशी तेल कमी केलं. चौथ्या दिवशी आजारी साहेबांसाठी करायचा ते सूप केलं, वर मलईची रेघ ओढून. ती चमचा उचलायची, तोंडापर्यंत न्यायची आणि तिचा गळा जणू मिटायचा. नाव ठेवत नव्हती, चिडत नव्हती, नुसती ओशाळल्यासारखी हसायची. एवढी वर्षं मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी ज्या हाताचं वाहवा करत खाल्लं, तो हात घरात असा पडला. नबीलालला काही सुचेना.

आठवडाभराने एका संध्याकाळी तो दूध घेऊन परत आला, तर दारातच थबकला. आत छबूबाई बसलेली. मुबारकबीच्या पुढ्यात थाळीत ज्वारीची भाकरी आणि डाळमेथी, आणि ही बाई डाव्या हाताने, चुकतमाकत, पण भुकेल्या माणसासारखी भराभरा जेवत होती. भाकरी संपल्यावर तिने वाटी पुसून घेतली. नबीलालने ते सगळं बाहेरून पाहिलं आणि त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. बायको दुसऱ्याच्या हातचं खाते याचा त्याला राग नव्हता. ती उपाशी होती, आठ दिवस आपल्या घरात, आपल्या हातच्या ताटासमोर उपाशी होती, हे त्याला झेपलं नाही. आणि न झेपलं की माणूस जे करतो तेच त्याने केलं. छबूबाईला म्हणाला, यापुढे ताट आणायचं नाही, आमच्या घरात शिजतं. छबूबाईने पदर खोचला, थाळी उचलली.

“बरं नबीभाई. न्हाई आनत.”

एवढंच बोलून ती गेली. तिने खरंच आणलं नाही आणि चौथ्या दिवशी घात झाला.

मुबारकबीला साखरेचा आजार. जेवणाआधी गोळी असायची. सातला तिने गोळी घेतली, पुढ्यात ताट आलं, तिने ते इकडचं तिकडे केलं आणि नेहमीसारखं सरकवलं. अर्ध्या तासाने नबीलाल भांडी आवरून बाहेर आला तर ती खाटेवर घामाने निथळत होती. थंडीचे दिवस, आणि कपाळावरून धार. हात थरथरत होते, जीभ जड झालेली, त्याच्याकडे ती कुणी परका असल्यासारखी बघत होती. घरात सहा डबे भरून मिठाया करता येतील एवढं सामान होतं, पण साखर कुठे आहे हे त्याला त्या क्षणी आठवेना. त्याने भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या. छबूबाई पिठाच्या हातांनीच धावत आली, तिने पाण्यात साखर कालवली आणि चमच्याचमच्याने पाजली. दहा मिनिटांनी मुबारकबीने डोळे नीट उघडले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी नबीलालला चांगलं फैलावर घेतलं. गोळी अर्धी केली, पण स्पष्ट सांगितलं की गोळी घेऊन जेवायचं नाही हा जिवाशी खेळ आहे, बाई पोटभर जेवल्या नाहीत तर पुढच्या वेळी साखरपाण्यावर निभावणार नाही. नबीलाल मान खाली घालून ऐकत होता. घरी आल्यावर त्याने मुलीला, नाझनीनला फोन लावला. मुलगा अमजद चाकणला कंपनीत, त्याला रजा मिळायची मारामार. नाझनीन पाथर्डीला दिलेली. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आली.

मुलगी आली म्हटल्यावर हा पुन्हा चुलीपाशी उभा. दुपारी चारपासून पुलाव, कुर्मा, दोन प्रकारच्या डाळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. दिवेलागणीची मगरीबची नमाज झाली. मुबारकबी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. नाझनीन खाली बसून उद्याच्या भाजीची मेथी निवडत होती. छबूबाई विचारपूस करायला आली होती, पण दाराशीच बसली, हात रिकामे. मुबारकबीने अर्धी गोळी घेतली आणि नबीलालने सजवलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं. तिने घास घेतला. चावला. तो गालात तसाच राहिला. तिने डोळे मिटून घेतले आणि तिला तो गिळता येईना.

मग मात्र नबीलालचा बांध फुटला. तो आधी विनवत होता, मग चढ्या आवाजात बोलायला लागला. माझ्या हातात विष आहे का? मी कुणाचं कधी चोरून आणलं नाही, हरामाचा दाणा या घरात शिरू दिला नाही, तरी माझ्याच घरात माझं अन्न घशाखाली उतरत नाही म्हणजे काय? आणि बोलता बोलता तो आपल्या त्या ठरलेल्या किश्श्यावर आला.

हा किस्सा भिंगारला पाठ होता. मेसमध्ये मोठी पार्टी होती, ऐंशी पानं. ऐन वेळी लाइट गेलेली, पेट्रोमॅक्सवर काम चाललेलं. नबीलाल भट्टीवर, पाठीमागे जाळीचं दार. हाताखालचा श्रीमंत नावाचा मदतनीस म्हणाला, उस्ताद, क्वार्टरमधली कुठलीशी पोरगी डबा घेऊन आलीय, काही मिळेल का विचारतेय. नबीलालने मागे वळूनही पाहिलं नाही. झारा कढईतच ठेवून म्हणाला, सांग तिला, इथून कुणाला काही मिळत नाही, घरी जाऊन आईला म्हणावं चूल पेटव. नेमके तेव्हा मोठे साहेब आत पाहणी करायला आलेले. त्यांनी हे ऐकलं आणि सगळ्यांदेखत याची पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात बढती मिळाली. हा किस्सा त्याने लग्नांत सांगितला, मयतीला जमलेल्या माणसांत सांगितला, निवृत्तीच्या समारंभात माइकवर सांगितला. नाझनीनच्या लग्नात तिच्या सासरच्या मंडळींना मांडवात बसवून सांगितला, की बघा, तुम्ही कसल्या घरातली मुलगी नेताय.

आताही तो सांगत होता. ऐंशी पानं, पेट्रोमॅक्स, जाळीचं दार. तो डब्यापर्यंत आला आणि नाझनीनने मेथीची जुडी खाली ठेवली.

“अब्बा, ती मी होते.”

आवाज चढवला नाही, रडली नाही. बसचं तिकीट किती लागलं ते सांगावं इतक्या साध्या सुरात म्हणाली. नबीलालला आधी ऐकू आलं पण कळलं नाही. तो पुढचं वाक्य बोलूनही गेला, साहेबांनी पाठ थोपटली ते. मग तो थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग छबूबाईकडे. छबूबाई जमिनीकडे बघत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं. भिंतीपलीकडच्या बाईला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

तो म्हणाला, असं कसं होईल, मी तुझा आवाज ओळखला नसता का? नाझनीन म्हणाली, मी आवाजच दिला नव्हता. तुम्हीच सांगून ठेवलं होतं ना, ड्युटीवर अब्बा म्हणून हाक मारायची नाही, तिथे मी कुणाचा बाप नाही. म्हणून मी श्रीमंतकाकांना नुसता डबा दाखवला. ते नवीन होते, मला ओळखत नव्हते. सात वर्षांची होते. मला तुमची पाठ दिसत होती.

नबीलाल मटकन खाली बसला. तो नुसता दाराकडे बघत राहिला.

मग मुबारकबीने तोंडातला घास हातावर काढला आणि वाटीत ठेवला. सव्वीस-सत्तावीस वर्षं मूग गिळून बसलेली बाई ती, बोलायला लागली तेव्हा तिला शब्द जुळवायला वेळ लागला. त्या वेळी तिला स्वतःला दोन दिवस ताप होता, उठवत नव्हतं. अमजद तीन वर्षांचा, भुकेने रडत होता. चूल पेटली नव्हती. नियम तिलाही माहीत होता, पण तिला वाटलं, बापच आहे, तापाचं कळलं तर मूठभर भात देईल. तिनेच पोरीच्या हातात डबा दिला, तिनेच पाठवलं. पोरगी रिकामा डबा घेऊन परत आली आणि म्हणाली, अब्बा म्हणाले आईला सांग चूल पेटव. छबूच्या घरी तेव्हा ताटं वाढलेली होती. तिने आपलं आणि आसारामचं ताट उचललं आणि या पोरांपुढे आणून ठेवलं.

“आणि त्याच रात्री तुम्ही आलात,” मुबारकबी म्हणाली, “माझ्या उशाशी बसलात आणि हसत हसत मला सांगितलंत की आज एका पोरीला परत पाठवलं, साहेब खूश झाले.”

नबीलालने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्याला ती रात्र आठवली. तिचं अंग गरम लागलं होतं हे आठवलं. ताप आहे वाटतं, असं म्हणून आपण कूस बदलून झोपलो हेही आठवलं. हे इतकं लख्ख आठवतंय आणि आजपर्यंत कधीच आठवलं नाही याची त्याला भीती वाटली.

मुबारकबी म्हणाली, मी रागाने उपाशी राहत नाही हो. तुमचं ताट समोर आलं की मला हिच्या हातातला तो डबा दिसतो. मी पाठवलं होतं ना तिला. मग घास खाली उतरत नाही, मी तरी काय करू. त्याने कसंबसं विचारलं, मग मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या भट्टीपुढे तुम्ही उभे राहिला असता का? तुमचं मन मी ओळखते. नोकरी सोडून घरी बसला असता. मग आमच्या चुलीवर काय शिजलं असतं?”

तिचं अजून संपलं नव्हतं. ती म्हणाली, त्या दिवसानंतर नाझनीनने तुमच्याकडे कधी काही मागितलंय का, तेवढं आठवून बघा.

नबीलाल आठवायला लागला. ईदचे कपडे? ते मुबारकबीने सांगितले होते. सायकल? ती अमजदने मागितली. शाळेची सहल, बांगड्या, कॉलेजची फी, लग्नातली साडी. वर्षामागून वर्षं तो चाचपून बघत होता. पोरगी गुणी आहे, कशाचा हट्ट करत नाही, असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. एकसुद्धा वस्तू सापडली नाही. माहेरपणाला आली तरी पाण्याचा पेला स्वतः उठून घ्यायची. नाझनीन खाली मान घालून मेथीची देठं एका बाजूला करत होती.

तेवढ्यात छबूबाई उठली. बाई अडाणी असेल, पण घड्याळ तिच्या डोक्यात होतं. ती म्हणाली, मागलं उकरायला रात पडलीय, भाभीनं गोळी घेऊन पाव तास झाला. पोटात काय जानार हाय का न्हाई? मी आनते भाकर घरून.

नबीलाल एकदम उभा राहिला. नको, म्हणाला. मग ओशाळून म्हणाला, तसं नको नाही छबूबाई. मला दाखवा. मी करतो.

आता हा चौतीस वर्षांचा खानसामा, पण मेसमध्ये भाकरी कुठली? तिथे फुलके, पुऱ्या, नान. भाकरी त्याने जन्मात थापली नव्हती. छबूबाई ओट्याशी हात मागे बांधून उभी राहिली. पाणी चांगलं उकळू द्या. एवढं पीठ नगं, तीन मानसांचं काढा. अजून कमी करा. त्याने परातीत पीठ मळलं, गोळा केला, थापायला गेला आणि भाकरी मधोमध फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. छबूबाईने ती सोडवायला हात पुढे केला नाही, नुसतं सांगितलं की पान्याचा हात फिरवा, घाई नगं. शेजारच्या शेगडीवर कढई ठेवली. कांदा, हिरवी मिरची, लसूण, बेसनाची धार. सवयीने त्याचा हात मसाल्याच्या डब्याकडे गेला आणि त्याने तो मागे घेतला. पिठलं रटरटायला लागलं. तिसरी भाकरी गोल झाली नाही, पण फाटली नाही. चौथी जरा फुगली. त्याची बोटं भाजत होती आणि त्याला ते बरं वाटत होतं.

त्याने ताट वाढून मुबारकबीपुढे नेलं. यावेळी सजवलं नाही, पुसलं नाही. ठेवलं आणि बाजूला उभा राहिला, पंगतीत वाढणारा उभा राहतो तसा. तिने डाव्या हाताने तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला. तिघंही तिच्या गळ्याकडे बघत होते. घास खाली गेला. तिने दुसरा तुकडा मोडला. एक भाकरी संपली, मग अर्धी आणखी. मीठ बरोबर आहे, म्हणाली. नबीलालने तोंड भिंतीकडे फिरवलं.

छबूबाई आपल्या घरी गेली. जाता जाता नाझनीनच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. नबीलालने मुलीचं ताट वाढलं, उरलेलं आपल्या ताटात घेतलं आणि दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. त्याला माफी मागायची होती. पण काय म्हणून मागायची? सात वर्षांची पोरगी आता चौतीस वर्षांची झाली होती, तिची स्वतःची मुलगी सुमैरा शाळेत जात होती. भाकरीवर हात ठेवून तो तसाच बसला, आणि आज घास उतरत नव्हता तो त्याला. नाझनीन जेवत होती. बापाकडे न बघता, सावकाश, शेवटचा तुकडा पिठल्याने पुसून घेत ती जेवली.

मग तिने मान वर केली.

“अब्बा, अजून अर्धी भाकरी द्या ना.”

परातीत भाकरी नव्हती. तव्यावरही नव्हती. नबीलालने आपल्या ताटातली भाकरी उचलली, अजून न मोडलेली, आणि ती अख्खीच्या अख्खी मुलीच्या ताटात ठेवली. मग पुन्हा पीठ भिजवायला उठला.